ओल्या वाळूचे डोंगर: ग्रेट सँड ड्यून्स कसे उभे राहिले आणि तिथे चालायचं कसं

उन्हाळ्यातल्या भर दुपारी ग्रेट सँड ड्यून्सच्या वाळूचं तापमान ६५ अंश सेल्सिअसपर्यंत जातं. अनवाणी पाय ठेवला तर फोडच येतील. पण त्याच जागी हाताने जरा खोल उकरलं की बोटांना गारवा लागतो आणि वाळू ओली निघते. वर भट्टी आणि खाली ओल. इथली वाळू एका जागी टिकून आहे, इतकी उंच चढली आहे आणि तिच्यावर माणसाला चालता येतं, या सगळ्यात पाण्याचा हात वाऱ्याइतकाच आहे. हे एकदा कळलं की तिथे कधी जायचं, कुठल्या बाजूने चढायचं आणि पायात काय घालायचं, हे वेगळं पाठ करावं लागत नाही.

हे राष्ट्रीय उद्यान अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात, दक्षिणेकडे आहे. डेन्व्हरहून गाडीने साधारण चार तास लागतात. सॅन लुइस नावाचं एक प्रचंड, सपाट, उंचावरचं खोरं आहे. त्याच्या पूर्व कडेला सांग्रे दे क्रिस्तो पर्वतरांग भिंतीसारखी उभी आहे आणि तिच्या पायथ्याशी सुमारे ७८ चौरस किलोमीटरवर वाळूच्या टेकड्या पसरल्या आहेत. मागे बर्फाची शिखरं आणि पुढे वाळवंट, असा तो देखावा. उत्तर अमेरिकेतल्या सर्वांत उंच वाळूच्या टेकड्या त्या याच. त्यांतली स्टार ड्यून (ड्यून म्हणजे वाळूची टेकडी) पायथ्यापासून २२६ मीटर उंच आहे आणि हिडन ड्यूनही तेवढीच भरते. हाय ड्यून हे नाव ऐकून फसू नये. ती सुमारे २१३ मीटरची आहे. पार्किंगमधून पाहिलं की पहिल्या रांगेत तीच सर्वांत उंच दिसते, एवढंच.

एवढी वाळू आली कुठून? पश्चिमेकडच्या सॅन व्हान पर्वतातून. हे डोंगर ज्वालामुखीतून झालेले. पाऊस, बर्फ आणि हिमनद्यांनी ते झिजत गेले आणि तो सगळा गाळ ओढ्या-नद्यांबरोबर खोऱ्यात उतरला. पूर्वेच्या सांग्रे दे क्रिस्तोनेही आपला वाटा टाकला, पण तो कमी. त्या काळी खोऱ्यात एक विशाल सरोवर होतं, आज भूशास्त्रज्ञ त्याला लेक अलमोसा म्हणतात. सुमारे ४,४०,००० वर्षांपूर्वी त्याच्या दक्षिणेकडचा बांध फुटला, पाणी रिओ ग्रांदे नदीच्या वाटेने निघून गेलं आणि तळाचा गाळ उघडा पडला. मागे लहान लहान तळी राहिली, हवामान बदलत गेलं तशी तीही आटली. मोकळी वाळू आणि तिला उचलायला वारा, दोन्ही एकत्र आले.

इथल्या वाळूची एक चिमूट तळहातावर घेऊन नीट पाहावी. लांबून एकसारखी पिवळट दिसणारी ती वाळू जवळून राखाडी, तपकिरी, गुलाबीसर, दुधी अशा कणांची निघते. त्यांत निम्म्याहून जास्त कण ज्वालामुखीच्या खडकाचे आहेत, म्हणजे पश्चिमेचे. मधूनच टेकडीवर काळ्या रंगाचे पट्टे दिसतात. कोणी कोळसा सांडल्यासारखा तो रंग असतो, पण ते मॅग्नेटाइट, लोहाचं खनिज. लोहचुंबक जवळ नेला की कण उडी मारून त्याला चिकटतात. ते इतर कणांपेक्षा जड असल्यामुळे हलकी वाळू वारा उडवून नेतो आणि हे मागे राहतात. वाऱ्याची निवडानिवड कशी चालते ते या पट्ट्यांत उघड्या डोळ्यांनी दिसतं.

वाळू आणि वारा तर पुष्कळ ठिकाणी असतात. तिथे टेकड्या वाऱ्याबरोबर सरकत जातात, इथे त्या उंच का होत गेल्या? उत्तर डोंगरांच्या आकारात आहे. वर्षभर वारा बहुतेक नैर्ऋत्येकडून येतो आणि वाळू पर्वताकडे ढकलतो. तिथे रांगेला एक बाक आहे आणि त्या बाकात मेडनो, मोस्का आणि म्युझिक अशा तीन खिंडी आहेत. वाळू या बाकात येऊन अडकते. वादळ आलं की मात्र वारा उलटा, ईशान्येकडून, याच खिंडींतून जोरात खाली घुसतो आणि वाळू परत खोऱ्याकडे लोटतो. एक वारा पुढे ढकलतो, दुसरा मागे. पुढेही जाता येईना आणि मागेही, तेव्हा वाळू वर चढत जाते. म्हणूनच इथे एका दिशेला सरकणाऱ्या चंद्रकोरी टेकड्यांपेक्षा दोन्हीकडून दाबल्या गेलेल्या, धारदार कण्याच्या टेकड्या जास्त. कणा म्हणजे टेकडीच्या माथ्यावरची धार. जिथे वारे तीन-चार दिशांनी येतात तिथे टेकडीला अनेक बाहू फुटतात आणि वरून ती चांदणीसारखी दिसते. स्टार ड्यूनचं नाव त्यावरून पडलं.

आता पाण्याकडे येऊ. टेकड्यांच्या पूर्व आणि दक्षिण कडेने मेडनो क्रीक हा ओढा वाहतो, तर उत्तर-पश्चिम बाजूने सँड क्रीक. उडत उडत पर्वतापर्यंत पोचलेली वाळू या ओढ्यांत पडते, पाणी ती वळसा घालून पुन्हा खोऱ्याच्या बाजूला आणून टाकतं. पुढे ओढा आटतो, पात्र सुकतं आणि नैर्ऋत्येचा वारा तीच वाळू उचलून परत टेकड्यांवर चढवतो. हे चक्र हजारो वर्षं चालू आहे. ओढे नसते तर डोंगराकडे गेलेली वाळू तिकडेच पडून राहिली असती आणि हा ढीग कुठल्या कुठे पांगला असता.

दुसरं पाणी टेकडीच्या पोटात आहे. पाऊस किंवा बर्फ पडला की पाणी वाळूत झपाट्याने मुरतं. वरचा पातळ थर उन्हात लगेच कोरडा होतो, पण कोरडी वाळू उष्णता खाली जाऊ देत नाही आणि ओलही वर खेचून घेत नाही. म्हणजे वरचा थर झाकणाचं काम करतो. खाली प्रत्येक दोन कणांच्या मध्ये पाण्याचा सूक्ष्म थेंब अडकलेला असतो आणि तो आपल्या पृष्ठताणाने दोघांना धरून ठेवतो. लहान मुलं किनाऱ्यावर ओल्या वाळूचा किल्ला करतात तो याच जोरावर उभा राहतो. त्यामुळे वारा कितीही घोंघावला तरी तो फक्त वरचा सुटा थर हलवतो. कण्यांचे आकार रोज बदलतात, पावलांचे ठसे तासाभरात पुसले जातात, पण मुख्य टेकड्या मात्र शे-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या छायाचित्रांत दिसतात तशाच आजही ओळखता येतात.

उद्यानाचा इतिहासही पाण्याभोवतीच फिरतो. १९२०च्या दशकात या वाळूतून सोनं काढायचे आणि ती काँक्रीटसाठी न्यायचे बेत शिजत होते. आसपासच्या गावांतल्या पी. ई. ओ. या महिला संघटनेने त्याविरुद्ध पत्रांचा मारा केला, आणि १९३२ मध्ये राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूव्हर यांनी हा भाग राष्ट्रीय स्मारक, म्हणजे संरक्षित क्षेत्र, म्हणून जाहीर केला. वाळू वाचली. पण वाळूखालचं पाणी स्मारकाच्या हद्दीत नव्हतं. पुढे १९८० आणि ९०च्या दशकांत शेजारच्या जमिनीखालचं भूजल उपसून दूरच्या शहरांना विकायच्या योजना निघाल्या. पाण्याची पातळी खाली गेली तर ओढ्यांचं पाणी जमिनीत लवकर जिरेल, वाळूचं चक्र तुटेल आणि खोऱ्यातल्या शेतकऱ्यांच्या विहिरीही कोरड्या पडतील, हे स्थानिकांना बरोबर कळलं होतं. शेतकरी, पशुपालक आणि पर्यावरणवाले एरवी क्वचितच एका बाजूला बसतात, इथे बसले. २००० साली अमेरिकी काँग्रेसने कायदा केला, शेजारचं मोठं बाका रँच, म्हणजे गुरांचं खासगी कुरण, खरेदी केलं गेलं आणि २००४ मध्ये हे राष्ट्रीय उद्यान झालं. नकाशा पाहिला तर उद्यानात वाळूइतकीच गवताळ मैदानं, पाणथळ जागा आणि डोंगर का घेतले आहेत असा प्रश्न पडतो. वरच्या शिखरावरच्या बर्फापासून खालच्या भूजलापर्यंत पाण्याची अख्खी वाट एका कुंपणात यावी, हा त्यामागचा हिशेब. मला तर हा भाग टेकड्यांच्या उंचीपेक्षा जास्त भावतो.

मेडनो ओढ्यासाठी खास वेळ ठेवावा. पार्किंगमधून उतरलं की टेकड्यांवर जायला आधी तोच ओलांडावा लागतो. डोंगरावरचं बर्फ वितळतं तेव्हा, मेच्या अखेरीस आणि जूनच्या सुरुवातीला, तो भरात असतो. भरात म्हणजे तरी किती? बहुधा घोट्याएवढा, पण रुंद, पसरट आणि पूर्णपणे वाळूवरून वाहणारा. त्याच्या काठावर दोन मिनिटं स्वस्थ उभं राहिलं की गंमत दिसते. पाणी शांत वाहत असताना तळाशी वाळूचे आडवे छोटे उंचवटे तयार होऊ लागतात. त्यांच्यामागे पाणी साठतं, पृष्ठभाग किंचित फुगतो. मग एका क्षणी उंचवटा फुटतो आणि साठलेलं पाणी लाट होऊन सुटतं. साधारण वीसेक सेकंदांनी पुन्हा तेच. समुद्रापासून हजारभर किलोमीटर आत, डोंगराच्या कुशीत, लाटा येत राहतात. चांगल्या बर्फाच्या वर्षी त्या फूट-दीड फुटापर्यंत उसळतात आणि पोरंटोरं त्यावर रबरी ट्यूब घेऊन पडलेली असतात. पात्राला उतार, तळाला गुळगुळीत सुटी वाळू आणि भरपूर पाणी, या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच हा खेळ होतो. त्यामुळे जगात तो फार कमी ठिकाणी पाहायला मिळतो. जुलै-ऑगस्टपर्यंत पाणी ओसरत जातं आणि मग ओढा वरच्या बाजूला, डोंगराजवळच तेवढा उरतो.

आता चढाई. टेकड्यांवर पायवाट नाही, खुणा नाहीत, पाट्या नाहीत. जिथून हवं तिथून चढा. हेच लोकांना अडचणीत आणतं, कारण समोर टोक दिसतं आणि माणूस नाकासमोर सरळ चढायला लागतो. दोन पावलं पुढे, दीड पाऊल मागे, असं करत शंभर मीटरमध्ये दम संपतो.

टेकडीला दोन बाजू असतात. ज्या बाजूने वारा येतो ती बाजू सौम्य उताराची आणि दाबून बसलेली असते. वाऱ्याने उडालेले कण कण्यावरून पलीकडे पडतात, ती दुसरी बाजू तीव्र आणि भुसभुशीत. कोरडी वाळू साधारण ३४ अंशांपेक्षा जास्त उतारावर उभी राहूच शकत नाही, तिचा तोल सुटतो आणि ती घसरते. ही दुसरी बाजू नेमकी त्याच कोनावर येऊन थांबलेली असते, म्हणजे पडायला टेकलेली. तिच्यावर पाऊल ठेवलं की आपल्या वजनाने तोल बिघडतो आणि पावलाखालची वाळू पायासकट खाली येते. म्हणून चढायचं ते कण्या-कण्याने, वाऱ्याकडच्या बाजूला चिकटून, नागमोडी. अंतर वाढतं, श्रम निम्मे होतात. पावसानंतरची सकाळ मिळाली तर उत्तम, वरचा थरही ओला असतो आणि पाय रुतत नाही. आणि उतरताना? तेव्हा हाच भुसभुशीत उतार कामाला येतो. टाच रोवत लांब ढांगा टाकत खाली धावत सुटायचं, पडलं तरी लागत नाही. कोरड्या दिवशी अशा उतारावरून वाळूचा मोठा लोंढा घसरला तर घुमल्यासारखा खोल आवाजही येतो. घासणाऱ्या कणांचा तो आवाज.

हाय ड्यूनपर्यंत जाऊन-येऊन साधारण चार किलोमीटर आणि दोन तास. हे आकडे वाचून हसू नये. उद्यानाचं अभ्यागत केंद्रच सुमारे २,५०० मीटर उंचीवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या तीनचतुर्थांशच असतो. त्यात वाळू. सपाटीवर सहज दहा किलोमीटर चालणारा माणूसही इथे धापा टाकतो. स्टार ड्यूनला जायचं तर ओढ्याच्या कडेने आधी तीनेक किलोमीटर खाली जावं लागतं आणि मग चढ. एकूण तेराएक किलोमीटर, सहा तास. माझं विचाराल तर पहिल्या खेपेला स्टार ड्यूनच्या नादी लागू नये. हाय ड्यूनवरूनही अख्खं वाळूचं मैदान दिसतं आणि उरलेला वेळ ओढ्यात घालवता येतो. शिवाय टेकड्यांवर झाड नाही, घर नाही, मापाला डोळ्यांपुढे काहीच नाही, त्यामुळे अंतराचा अंदाज हमखास चुकतो. हे शेवटचं टोक असं वाटून वर जावं, तर मागे त्याहून उंच टोक उभं.

वेळेचा नियम सोपा आहे. उन्हाळ्यात पहाटे निघायचं आणि उशिरा सकाळपर्यंत खाली यायचं, नाहीतर संध्याकाळी जायचं. उन्हाळ्यातही इथली हवा सुखद असते, पंचवीस-सत्तावीस अंशांची, आणि त्यामुळेच लोक फसतात. हवा गार वाटते तेव्हा पायाखालची वाळू हवेच्या दुपटीहून जास्त तापलेली असू शकते. उष्णता खाली उतरत नाही हे वर आलंच, ती सगळी वरच्या बोटभर थरात साठते. नेहमीचा प्रकार असा होतो: सकाळी वाळू गार आणि मऊ लागते, चपला-बूट ओढ्याकाठी काढून ठेवले जातात, मंडळी अनवाणी वर जातात आणि दहा-अकरा वाजता परतीची वाट तापलेल्या तव्यावरून असते. सँडलही उपयोगाच्या नाहीत, वाळू पट्ट्यांतून आत जाऊन पाय भाजते. बंद बूट आणि जाड मोजे घालावेत. कुत्रा बरोबर असेल तर त्याच्या पंजांचाही विचार करावा, त्याला बूट काढता-घालता येत नाहीत. पाणी प्रत्येकाचं वेगळं, दोन-तीन लिटर. वर सावलीचा ठिपकाही नाही.

दुसरा धोका विजेचा. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी डोंगरांवर ढग झपाट्याने जमतात. उघड्या कण्यावर चालणारा माणूस हाच तिथला सर्वांत उंच बिंदू असतो. गडगडाट ऐकू आला की शिखर चार पावलांवर असलं तरी मागे फिरायचं आणि गाडी गाठायची. वीज वाळूवर पडते तेव्हा काय होतं याचा पुरावा तिथेच सापडतो: कण वितळून काचेसारखी ओबडधोबड नळी तयार होते. तिला फुल्गुराइट म्हणतात. दिसली तर पाहावी, उचलून घरी नेता येत नाही. वसंतात वारा हा वेगळा जाच. तेव्हा वाळूचे कण उड्या मारत जमिनीलगत धावतात आणि पोटऱ्यांना सुयांसारखे टोचतात, जोर वाढला की तोंडापर्यंत येतात. लांब पँट आणि डोळ्यांना गॉगल असला की त्रास निम्मा.

घसरगुंडी खेळायची हौस असेल तर बोर्ड आधीच भाड्याने घ्यावा. तो उद्यानात मिळत नाही, बाहेरच्या दुकानांत मिळतो. बर्फावरचे प्लास्टिकचे स्लेड किंवा पुठ्ठे कोरड्या वाळूवर जागचे हलत नाहीत. त्यासाठी खालून कडक, गुळगुळीत आणि मेण लावलेला बोर्डच लागतो. ज्यांना चालता येत नाही त्यांच्यासाठी उद्यानात फुग्यासारख्या रुंद टायरच्या व्हीलचेअर विनामूल्य मिळतात, फक्त आधी सांगून ठेवावी लागते. ही सोय फारशी कुणाला ठाऊक नसते.

वाळूत कोणी राहत नाही असं वाटतं, पण सकाळी लवकर गेलात तर पृष्ठभागावर बारीक पावलांच्या माळा दिसतील. कांगारू रॅट नावाचा उंदीर इथे राहतो. तो आयुष्यभर पाणी न पिता काढू शकतो, बियांच्या पचनातून निघणाऱ्या पाण्यावर त्याचं भागतं. शिवाय टायगर बीटल जातीचा एक भुंगा आहे, पाठीवर तपकिरी नक्षी असलेला, जो जगात फक्त याच वाळूच्या परिसरात सापडतो. गवताचे झुपके आणि ऑगस्टमध्ये वाळूत उगवणारी पिवळी सूर्यफुलं यांची मुळं त्या आतल्या ओलीवरच जगतात.

उद्यान वर्षभर, चोवीस तास उघडं असतं. गाडीमागे २५ डॉलर प्रवेशशुल्क आहे आणि ते सात दिवस चालतं. रात्री टेकड्यांवर तंबू टाकायचा असेल तर वेगळा परवाना काढावा लागतो आणि पार्किंगमधून दिसणाऱ्या रांगेच्या पलीकडे चालत जाऊन मुक्काम करावा लागतो. २०१९ पासून हे अधिकृत डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपलेलं उद्यान आहे, त्यामुळे अमावास्येच्या आसपास गेलं तर आकाशगंगा स्पष्ट दिसते. पौर्णिमेला मात्र टॉर्चशिवाय वाळूवर चालता येतं. दोन्हींतलं काय हवं ते ठरवून तारीख निवडावी. मेच्या शेवटच्या शनिवार-रविवारी ओढ्यासाठी इतकी झुंबड उडते की प्रवेशद्वाराबाहेर गाड्यांची लांबच लांब रांग लागते. जमत असेल तर मधल्या वारी, सकाळी सातच्या आत पोचावं. जूनच्या मध्यावर ओढ्याकाठी डासही येतात. सप्टेंबरमध्ये ओढा नसतो, पण ऊन उतरलेलं असतं, गर्दी पांगलेली असते आणि दुपारीही बहुधा चालता येतं. फक्त चढाईसाठी जाणाऱ्याने सप्टेंबरच धरावा.